दोन गुणांनी

"घरापासून दहा मिनिटांवरचं कॉलेज सोडून दोन दिवसांच्या वाटेवर कोण जातं?" मावशीने दोन्हीकडून आलेली पत्रं पंख्यासारखी हलवली. "आणि शिकायचं काय, तर परीक्षा कशा घ्यायच्या! अगं, आजवर दिल्यास तेवढ्या पुरल्या नाहीत का?"

आईशेजारी बसलेली लेक हसली नाही. परीक्षा आणि मूल्यमापन या विषयातच एम.ए. करायचं, हे तिने आठ वर्षांपूर्वी ठरवलं होतं. त्या वर्षी दादा बोर्डाच्या परीक्षेत गणितात दोन गुणांनी नापास झाला. निकाल खिशात घालून घराबाहेर पडला, आणि पुलाच्या कठड्यापाशी त्याच्या चपला तेवढ्या सापडल्या. ते दोन गुण खरंच गेले होते की कुणी घालवले, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

जवळच्या कॉलेजात नुसती पुस्तकं आणि आकडेमोड. लांबच्या विद्यापीठात मात्र बोर्डाच्या जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे जपून ठेवले होते. तपासणाऱ्याचा हात कुठे सैल सुटतो, कुठे आखडतो, हे त्यांवरून शिकवत.

"मी इथलंच घेते," ती म्हणाली. "आईला एकटीला टाकून कशी जाऊ?"

आई गणिताची निवृत्त शिक्षिका. एवढा वेळ ती खाली मान घालून प्रवेशाचे कागद वाचत होती. पान वाचून झालं की खालच्या कोपऱ्यात लाल ठिपका, मगच पुढचं पान. औषधांच्या याद्या, विजेची बिलंसुद्धा तिच्या ठिपक्यातून सुटत नसत.

"लांबचं घे," आई म्हणाली.

"ताई, डोकं ठिकाणावर आहे ना? उद्या अंथरूण धरलंस तर पाणी कोण देईल?"

"माझं मी घेईन."

लेकीने चाचरत विचारलं, "आई, दादाचा पेपर तिथे असला तर?"

"असला तर असला!" मावशीच उसळली. "तिला कशाला विचारतेस? पोर परीक्षेला बसलं की शिक्षक आईबापाने बोर्डाला तसं लिहून द्यायचं असतं. त्या वर्षी त्यांच्याकडे पेपर तपासायला येतच नाहीत."

आईने शेवटच्या पानावर ठिपका दिला आणि पेनाला टोपण लावलं.

निघायच्या दिवशी आई दारापर्यंतच आली. "सापडेल ते कळव," म्हणाली. "नाही कळवलंस तरी मला कळेल."

तिसऱ्या महिन्यात लेकीने त्या वर्षीचा गणिताचा गठ्ठा मागून घेतला. दादाचा बैठक क्रमांक तिला तोंडपाठ होता, पण तो बघायची गरजच पडली नाही. उजवीकडे कललेलं त्याचं अक्षर हजारांत ओळखू आलं असतं.

सातव्या प्रश्नाचं उत्तर बरोबर होतं. समोर आधी पाच गुण दिलेले. ते खोडून तीन केलेले.

तिने पान उलटलं. मग पुढचं. मग पुन्हा पहिल्यापासून, एकेक.

प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात लाल ठिपका होता.