चारशेवी खुर्ची

चौथ्यांदा मोजलं तरी डोकी चारशेच भरली.

प्रवेश विभागातल्या बाईंनी हातातला कागद पुन्हा पाहिला. होकार आले होते तीनशे नव्याण्णव. सभागृहात स्वागताला बसलेली मुलं चारशे.

"एक जास्त आहे," त्या म्हणाल्या.

"असतंच," दप्तरी म्हणाला. फायली सांभाळण्यात त्याची हयात गेली होती. "दरवर्षी एक जास्त भरतं. अर्ज नाही, फाइल नाही, पण पोर हजर. शिकतं, पास होतं, जातं. आपण कशाला खोलात शिरायचं?"

"दरवर्षी?"

"तुमच्या वर्षीसुद्धा होतं की."

बाई याच कॉलेजात शिकल्या होत्या. त्यांना हसू आलं. "मागच्या बाकावरचा तो घोरणारा असणार! त्याला प्रवेश कोणी दिला, हे कोडं आम्हाला तेव्हाही होतं."

दप्तरी हसला नाही. त्याने नुसतीच फायलींवरची धूळ झटकली.

बाईंना मात्र खोलात शिरायचंच होतं. प्रतीक्षा यादीत पहिलं नाव त्यांच्या लेकीचं होतं, ठमीचं.

बाहेरच्यांना वाटतं, प्रवेश म्हणजे हुशारीची चाळणी. आत बसणाऱ्यांना ठाऊक असतं, की तो सगळा अंदाजांचा खेळ आहे. चारशे जागांसाठी साडेपाचशे पत्रं पाठवायची, कारण दीडशे पोरं दुसरीकडे जाणारच. फार हुशार असेल त्याला तर मुद्दाम ताटकळत ठेवायचं, कारण तो येणार नाही आणि उगाच आपला होकारांचा आकडा बिघडवेल. ठमीचं तेच झालं. नात्यातली फाइल वाचायची नाही असा नियम, म्हणून बाईंनी ती उघडलीही नव्हती. ज्याने वाचली त्याने ठरलेल्या आठ मिनिटांत शेरा मारला, 'ही येणार नाही.' आणि ठमी तर लहानपणापासून आईचं कॉलेज, आईचं कॉलेज म्हणून याच दाराकडे डोळे लावून बसलेली. तीन आठवडे पोरगी धड जेवली नव्हती. आज सकाळी तिने विचारलं होतं, "आई, तू तिथेच असतेस ना गं? मग एक जागासुद्धा नाही का निघत?"

ते बाईंच्या जिव्हारी लागलं होतं.

यादी घेऊन त्या रांगेरांगेने फिरल्या. चौथ्या रांगेच्या टोकाला पिवळ्या स्वेटरमधली मुलगी बसली होती. तिचं नाव यादीत नव्हतं.

"तुझी फाइल सापडत नाहीये, बाळा."

"मला पत्र आलं होतं," मुलगी म्हणाली. "आईने जपून ठेवलंय."

बाईंच्या आईनेही त्यांचं पत्र असंच जपून ठेवलं होतं. इतकं जपून, की पुढे ते कोणालाच सापडलं नाही. गोड होती पोरगी. बाईंना फार वाईट वाटलं, पण ठमीचा उतरलेला चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

विभागाच्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "हिचं नाव कमी करू. पण एकटीचं नाही करता येणार. फाइल नाही म्हणून काढायचं, तर सगळ्या वर्षांना तोच नियम. उद्या कोणी बोट दाखवायला नको."

दप्तरी गठ्ठा घेऊन आला. दर वर्षाची एक चिठ्ठी, चिठ्ठीवर एक नाव, खाली सहीची जागा. सर्वांत वर पिवळ्या स्वेटरवालीची.

"वाचून सही करा, बाई," तो म्हणाला.

बाईंनी आजवर न वाचता कशावर सही केली नव्हती. नव्या माणसांना त्या हेच बजावत. पण पावणेचार झाले होते आणि प्रतीक्षा यादी चारला बंद होत होती. जुन्या पोरांची जुनी नावं, त्यांचं आता कोणाला काय पडलंय?

"वाचून करा," दप्तरी पुन्हा म्हणाला. त्याची नजर जमिनीवर होती.

"अहो, आज नाही वेळ!" बाई म्हणाल्या आणि भराभर सह्या करत सुटल्या. साहेबांनी शिक्का मारला. संगणकाने पत्र पाठवलं, ठमीच्या नावाचं.

जाता जाता बाई सभागृहात डोकावल्या. चौथ्या रांगेच्या टोकाच्या खुर्चीवर आता नुसती एक बॅग होती.

"इथली मुलगी कुठे गेली?" त्यांनी शेजारच्या मुलीला विचारलं.

"इथे? इथे कोणी नव्हतंच," ती म्हणाली. "सकाळपासून मी बॅग ठेवलीये की."

क्षणभर बाईंना परत वळावंसं वाटलं. पण घरी पत्र पोचलं असणार, पोरगी नाचत असणार. त्या झपाझपा निघाल्या. रोज उठून नमस्कार करणारा फाटकावरचा रखवालदार आज जागचा हलला नाही. स्वागताच्या गडबडीने दमला असेल बिचारा.

घराबाहेरच आतले हसण्याचे आवाज ऐकू आले. किती दिवसांनी! बाईंचे डोळे भरून आले. किल्ली पर्समध्ये कुठे दडली होती कोण जाणे, त्यांनी घंटी वाजवली.

दार ठमीनेच उघडलं. हातात फोन, गालावर ओघळ, चेहरा नुसता फुललेला. बाईंनी दोन्ही हात पसरले.

ठमी एक पाऊल मागे सरली.

"बाबा, कोणीतरी आलंय," तिने आत हाक दिली, आणि मग बाईंकडे वळून अदबीने विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"