भोंग्याची गाठ

स्कार्फच्या टोकाला सकाळी गाठ मारायची आणि कुणासाठी काही चांगलं केलं, की सोडायची, हा आमच्या स्काउट पथकाचा नियम. दुपारी टेकडी उतरेपर्यंत सगळ्या पोरींच्या गाठी सुटल्या. राहिली फक्त भोंग्याची. तिचं हे नाव तिच्या आवाजावरून पडलेलं. आईच्या उशाशी दवाखान्यात रात्रभर जागून मी थेट या पोरींना घेऊन शिबिराला आले होते. तंबूच्या खुंट्या मोजता मोजता झाडाला टेकले आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा सगळीकडे चिडीचूप. पोरी खाणाखुणा करत तंबू उभारत होत्या, तोही वाकडा. माझ्या गळ्यातली शिट्टी भोंग्याच्या मुठीत होती. “कुणी वाजवू नये म्हणून धरलीय, बाई,” ती कुजबुजली. हिला कुजबुजताही येतं? “गुणाची गं माझी! सोड आता गाठ.” तिचा चेहरा पडला. “कशी सोडू? तुम्ही तर उठलात.” मी मुकाट्यानं डोळे मिटले.