दहाव्याचा कावळा

दुपार कलली तरी कावळा पिंडाला शिवेना. काकांनी अर्धं राहिलेलं घर पुरं करायचा शब्द दिला, आईने धाकटीच्या लग्नाचा. तो नुसता मान वळवून ऐकत बसला.

“त्यांचा जीव कशात तरी अडकलाय. बोला,” गुरुजी म्हणाले.

बाबांचा जीव फरार दादात अडकला होता, हे रेवतीला ठाऊक होतं. पण पोलिसांनी घाटावर यंत्राचे कावळे सोडल्यापासून खरा कुठला, खोटा कुठला, कळायची सोय नव्हती.

शेवटी तिला आईच्या तोंडाकडे पाहवेना. ती वाकून पुटपुटली, “बाबा, दादा माझ्याच घरी आहे, माळ्यावर. त्याला काही होऊ देणार नाही मी.”

कावळा टुणकन पुढे आला, क्षणभर तिच्याकडे बघत राहिला आणि पिंडाला चोचही न लावता पोलीस चौकीच्या दिशेने उडाला.