मापापुरती

तीस वर्षं दर रविवारी पहाटे आम्ही फोटोसाठी झाडं शोधत फिरलो. वेताळ टेकडीवरचा वाकडा पांगारा, कात्रज घाटात खडक फोडून आलेला उंबर, सगळे यांनीच हुडकलेले. “अगं, लाल छत्री घेऊन खोडाशी उभी राहा, झाडाचं माप कळू दे,” म्हणत हे एक फोटो काढायचे आणि लगेच हात हलवायचे, “आता हो बाजूला.” मग खरा फोटो होईपर्यंत मी काट्याकुट्यांत डास मारत बसायचे. निवृत्तीनंतर यांनी प्रदर्शन भरवलं. कौतुक म्हणून करायचं नाही, असं ठरवूनच मी गेले. दालनात शिरले आणि थबकले. भिंतीवरच्या प्रत्येक झाडाखाली लाल छत्री होती. “अहो, हे तर मापाचे फोटो! चुकून लावलेत का?” “मीच निवडलेत.” “पण मी केवढीशी दिसतेय!” हे म्हणाले, “लहानच दिसतेस. तरी माझी नजर आधी तिथंच जाते.”