चोविसावी बाटली

"सगळं सलाईन बंद करा," डॉक्टरसाहेब म्हणाले. "जिल्ह्यात एकही बाटली लावायची नाही. तशी तार करा."

ईरप्पा सोलापूरच्या औषधांच्या कोठीचा स्टोअरकीपर. सकाळीच आलेली तार त्याच्या हातात होती. बॅच नंबर ४१७ च्या सलाईनमध्ये बुरशी सापडली आहे, वापरू नये.

"साहेब, गावोगाव गॅस्ट्रो हाय. सलाईन बंद केलं तर रात्रीपर्यंत माणसं जातील."

"आणि चालू ठेवलं तर?"

ईरप्पानं पाठवणीची वही पुढं ओढली. त्या बॅचची एकच पेटी आली होती, चोवीस बाटल्यांची. परवा साथ वाढली तशी त्यानंच ती फोडली, बाकीच्या बाटल्यांत मिसळली आणि एस्टीनं सगळ्या तालुक्यांना रवाना केली. कुठं किती बाटल्या धाडल्या ते वहीत होतं. कुठल्या नंबरच्या, ते नव्हतं.

"नंबर बघून बाजूला काढा, असा निरोप देतो," तो म्हणाला.

"एखाद्या गावाला निरोप पोचलाच नाही तर?"

"म्हणून तर किती निघाल्या ते विचारायचं. चोवीस भरल्या की समजायचं, सुटलं कोणीच न्हाय."

डॉक्टरसाहेबांनी घड्याळ पाहिलं. दहाला पाच कमी होते. "चारपर्यंत. त्यानंतर मी बंदची तार करणार."

कुंभारीला फोन नव्हता, तिथं जीप गेली. बाकीच्या गावांना फोनच. ईरप्पानं मुमताजकडं ट्रंककॉल मागितला. ती टेलिफोन एक्स्चेंजवर बसायची, आणि ईरप्पाचा आवाज तिच्या ओळखीचा होता.

"आधी मोहोळ देते. लगेच मिळेल."

"मोहोळ राहू द्या. लांबची आधी लावा. करमाळा, माळशिरस, सांगोला. तिथनं सायकलवाला खेड्यात जाऊन यायला दोन-तीन तास लागतील. तोवर जवळची उरकू."

"बरं. पण ईरप्पाभाऊ, लाईन एकच हाय. तुम्हीच बोलत बसलात तर गावं बोलणार कुठून? बारापर्यंत तुम्ही विचारा. बारानंतर फोनला हात लावायचा न्हाय."

ईरप्पानं ते ऐकलं. प्रत्येक ठिकाणी तो तेवढंच बोलला. नंबर सांगायचा, बाटल्या बाजूला काढायला सांगायचं, आणि शेवटी, "नसली तरी न्हाय म्हणून कळवा. गप बसू नका." बारा वाजता त्यानं फोन खाली ठेवला आणि हात मांडीखाली घेऊन बसला.

साडेबारापर्यंत फोन वाजलाच नाही. मग एकामागून एक वाजायला लागला. बार्शीत पाच. अक्कलकोटला एकही नाही. सांगोल्यातली एक लावलेली होती. तिथल्या डॉक्टरांनी ती अर्ध्यात काढली. माणसाला थंडी भरून आली होती, पण आता तो बोलत होता. ईरप्पानं कागदावर ती एक मांडली. मिसळल्या त्यानंच होत्या.

पावणेचारला तेवीस झाल्या. माढ्याकडचं एक खेडं तेवढं बोललं नव्हतं. डॉक्टरसाहेब तारेचा फॉर्म पुढ्यात घेऊन बसले. त्यांनी पेनचं टोपण काढलं.

चाराला दहा कमी असताना फोन वाजला. पलीकडं सोनाबाई होती, त्या खेड्यातल्या दवाखान्याची नर्स. पोस्टातनं बोलत होती.

"सर, आमच्याकडं त्या नंबरची एक पण न्हाय."

"तुला सहा धाडल्या होत्या की."

"चार कपाटात हायत. एक आता लावलीय. सगळ्यांवर दुसराच नंबर हाय."

"पाच झाल्या. सहावी?"



"सहावी वापरली. परवाच. रजिस्टरला लिहिलंय."

ईरप्पानं डोळे मिटले. "कुणाला लावली? नाव सांग. आता कसा हाय तो माणूस? सोनाबाई, बोल की."

"नाव न्हाय लिहिलं."

डॉक्टरसाहेबांनी फोन त्याच्या हातातून घेतला. "सिस्टर, त्या माणसाच्या जिवाला धोका आहे. मी आत्ता जीप काढतो. फक्त घर कुठलं ते सांगा."

सोनाबाई रडायला लागली. मग भडाभडा बोलली. बाटली कुणालाच लावली नव्हती. बाटल्या एस्टीतनं उतरवताना एक हातातनं निसटली आणि स्टँडवर फुटली. नोकरी लागून तिला दोन महिनेच झाले होते. वर काय सांगायचं, म्हणून तिनं 'वापरली' असं लिहून टाकलं.

"खरं सांगताय?"

"आईची शपथ, सर. काचा मीच गोळा केल्या. अंगठा कापलाय माझा."

डॉक्टरसाहेबांनी फोन छातीशी धरला आणि ईरप्पाकडं पाहिलं. "चोविसावी फुटली," ते म्हणाले. "एस्टी स्टँडवर."

ईरप्पा खुर्चीतनं उठला आणि परत बसला. त्याला हसू येत होतं. डॉक्टरसाहेबांनी तारेचा फॉर्म चुरगाळून खिशात टाकला आणि फोन त्याच्यापुढं केला.

"सर, माझं आता काय होणार?" सोनाबाई विचारत होती.

"काय होत न्हाय. लई बरं केलंस, बाई."

"काय बरं केलं?"

"पाडलीस ते." त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "रजिस्टरला खरं काय ते लिही. उद्याच्या गाडीनं आणखी सहा धाडतो."

मुमताज मध्येच लाईनवर आली. "झालं का ईरप्पाभाऊ? लाईन सोडू?"

"थांबा की जरा," सोनाबाई घाईघाईनं म्हणाली. "सर, आता लावलीय ती बाटली चालू ठेवू न्हवं?"

"ठेव की. कुणाला लावलीयस?"

"वच्छलाबाई म्हणून म्हातारी हाय. सकाळी डोळं पांढरं केलं होतं तिनं."

"आता?"

"आता शिव्या द्यायलीय मला. भाकर का देत न्हाईस म्हणून."