तीन फेऱ्या

"हे कॉम्प्युटरवर केलंय, मॅडम. कबूल करा, मी दहा मिनिटांत वाकडला परत जातो," निरंजन म्हणाला. त्यानं अजून बूटही काढले नव्हते.

"चहा घेऊन जा, सर. कबूल मात्र काही करणार नाही," उझ्मा म्हणाली.

वाकडच्या लघुपट महोत्सवाचा नियम सरळ होता: कॉम्प्युटरनं काढलेलं चित्र चालणार नाही. उझ्माच्या दोन मिनिटांच्या फिल्ममधलं अवकाशयान इतकं सफाईनं सरकत होतं, की परीक्षकांनी ती बादच केली. तिनं लेखी हरकत घेतली. 'संत तुकाराम नगरला घरी या, तुमच्यासमोर पुन्हा शूट करते.' म्हणून त्यांनी निरंजनला पाठवलं होतं. तो एरवी चाकणच्या एका कंपनीत ऑटोमेशन बघायचा. संध्याकाळी पाचला महोत्सवाची यादी कायम होणार होती.

खोलीच्या खिडक्या काळ्या कागदानं बंद होत्या. मधोमध एका सळईवर हातभर लांबीचं यान. स्कूटरच्या शॉकअपचं कव्हर, ठिबकच्या नळ्या, शिलाई मशीनच्या बॉबिन. समोर लोखंडी रुळावर कॅमेरा. कॅमेऱ्याला पुढं ढकलणारा लांब स्क्रू भिंतीतल्या भोकातून पलीकडच्या खोलीत गेला होता.

"याचं नाव काय?" यानाभोवती फिरत निरंजननं विचारलं.

"झुलेखा."

"माझं नाव," चहाचा ट्रे घेऊन आलेली आई म्हणाली. "आन् रंग बघा कसा दिलाय. जळक्या कढईवानी."

निरंजन हसला. मग भिंतीतल्या भोकाकडं बोट केलं. "मोशन कंट्रोल तिकडं?"

"चालवणारं सगळं तिकडं. या खोलीत जरा हललं तरी फ्रेम बिघडते."

"बघू?"

"निकालानंतर. आधी बघितलंत तर मनात काहीतरी धरून मोजाल."

"म्हणजे माझीच परीक्षा?"

"मोजमापाची, सर. बी.एस्सी.ला तेवढं एक नीट शिकले."

त्याला ते पटलं. त्यानं बॅगेतून स्वतःचं डायल गेज काढलं आणि रुळाशेजारी घट्ट बसवलं. कॅमेरा चोविसाव्या फ्रेमला नेमका कुठं थांबतो, ते त्याच्या काट्यावर दिसणार होतं.

शॉट दोन सेकंदांचा, अठ्ठेचाळीस फ्रेमचा. पण तो तीनदा घ्यायचा. पहिल्या फेरीत यानावर उजेड. दुसरीत अंधार, फक्त इंजिनाचे दिवे. तिसरीत मागं पांढरा कागद, म्हणजे यानाची नुसती काळी आकृती मिळते. तिन्ही एकावर एक ठेवायच्या. कॅमेरा एखाद्या फेरीत केसभर चुकला, तरी इंजिनाचा उजेड इंजिनातून बाहेर सांडतो.

गुरुवार होता, कारखान्यांच्या सुट्टीचा वार. मागच्या गल्लीतले पॉवर प्रेस बंद होते, जमीन शांत होती. कॅमेरा ठरल्या वेळानं खट् वाजायचा, स्क्रू जरासा फिरायचा, कॅमेरा पुढं सरकून थांबायचा. पुन्हा खट्.

"वडील कामावर?" निरंजननं हळूच विचारलं.

"हो."

"आज गुरुवार. सुट्टी नाही?"

"त्यांना न्हाई," आईनं दारातून उत्तर दिलं. "दीड वरीस घरी बसवलं होतं कंपनीनं. आता पुन्हा लागलेत."

"कुठली कंपनी?"

"असतात एकेक," उझ्मा म्हणाली. "सर, चोविसावी फ्रेम."

त्यानं काटा वाचून आकडा लिहिला. फेरी संपली. कॅमेरा उलटा गेला, सुरुवातीच्या खुणेच्याही थोडा मागं, आणि तिथून पुढं येऊन खुणेवर थांबला.

"वा! स्क्रूच्या आट्यातली ढिलाई काढायला मागून पुढं आणताय. प्रोग्राममध्ये घातलंय?"

"पहिल्यापासूनच आहे ते."

"आमच्या टूलरूममध्ये हेच डोक्यात शिरत नव्हतं. एक म्हातारा टर्नर माझ्याशी भांडला, राव. म्हणे, माझा हात बघा, मग मशीन आणा. कशाला बघू? मी रिपोर्ट दिला, माणसाच्या हाताला तेच काम तसंच पुन्हा जमत नाही. लेथ गेले, माणसं गेली."

उझ्मानं यानावरचा दिवा बंद केला. "त्याचा हात बघितलात?"

"गरज काय?"

"दुसरी फेरी, सर."

तिसरी फेरी संपली तेव्हा साडेतीन झाले होते. निरंजननं तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. सगळ्यांत जास्त फरक दोन शतांश मिलिमीटर. त्यानं लॅपटॉपवर तिन्ही फेऱ्या एकमेकींवर ठेवल्या. झुलेखा अंधारातून सरकत गेली. इंजिनाचा उजेड इंजिनाच्या कडेबाहेर कुठंच सांडला नाही.

त्यानं तो शॉट पुन्हा एकदा चालवून बघितला. मग त्यानं महोत्सवाला फोन लावला, "मॉडेल खरं आहे, एंट्री घ्या," एवढं सांगितलं आणि कागद ओढला.

"लेखीही देतो. फेऱ्यांची अचूकता यंत्राची आहे, असं लिहू?"

"तुम्हाला जे खात्रीनं वाटतं तेच लिहा. नंतर कुणी शंका काढायला नको."

त्यानं लिहिलं, वाचून दाखवलं. 'माझ्यासमोर, माझ्या गेजवर मोजले. इतकी अचूक पुनरावृत्ती माणसाच्या हातून शक्य नाही.' खाली तारीख, पद आणि सही. उझ्मानं कागदाचा फोटो काढला.

"आता तरी दाखवा," निरंजन उठला. "कुठली मोटर आहे? आमच्याकडं लाखाच्या खाली हे येत नाही."

"चाकणच्या कंपनीनं काढून टाकलेलं आहे, सर. आम्ही घरी आणलं."

तिनं मधलं दार उघडलं. स्टुलावर, अठ्ठेचाळीस आकड्यांचा कागद समोर टाचून, चष्मा नाकावर ओढून तिचे वडील नूरमोहम्मद बसले होते. लेथचं जुनं हातचाक त्यांच्या मुठीत होतं. त्यांनी मान वर केली, निरंजनला ओळखलं, आणि चाकावरून हात न काढता म्हणाले, "शून्यावर आणून ठेवलंय, साहेब. चौथी फेरी घ्यायची?"