गायब पट्टी

बोरी अरबमध्ये मैत्रेयीचं टायपिंगचं दुकान आहे, म्हणून स्वतःच्या लग्नाची पत्रिकाही तिनंच टाइप करायला घेतली. वडील नाहीत. निमंत्रक म्हणून कोणाचं नाव मोठं यावं, यावरून वडिलांचे थोरले भाऊ उकंडा मोठेबाबा आणि धाकटे प्रफुल्लकाका तिच्या दोन्ही खांद्यांवरून भांडत होते. लोकांचे कपडे शिवून तिला शिकवणाऱ्या आईचं, कौसल्याबाईंचं नाव मात्र पार तळाशी होतं, मुंगीएवढ्या अक्षरांत.

"माह्यं नाव मोठं नसंन, तर मी मांडवात पायच ठेवत नाही," मोठेबाबा म्हणाले.

"मंग मी काय नुसता वाढाले येऊ?" काका उसळले.

मैत्रेयीनं हळूच कीबोर्डची दोन बटनं दाबली. स्क्रीनच्या माथ्यावरची पर्यायांची पट्टी चिमणीसारखी भुर्र उडाली.

"आता वं माय! अक्षर लहान-मोठं करायची पट्टीच गायब झाली. आता जसं आहे तसंच छापा लागते."

मोठेबाबांनी मॉनिटर थोपटून पाहिला, काकांनी माउस झटकला. पट्टी काही येईना. दुसऱ्याचंही नाव मोठं होणार नाही, या समाधानात दोघं सोबतच चहाला गेले.

आठ दिवसांनी पत्रिका छापून आल्या. सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत नाव होतं कौसल्याबाईंचं.

"हे काहून एवढं मोठं केलं वं पोरी?" दोघंही दुकानात धावत आले.



"पट्टी एकडाव वापस आल्ती, मोठेबाबा. आईचं नाव मोठं केलं, अन् लहान कराले गेली, तं पुन्हा गायब!"